बोकास्तेलची बाटली बाबांच्या पंच्याहत्तरीपर्यंत ठेवावी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची बहीण लियाँहून येताना बाबांसाठी ‘शातो द बोकास्तेल’ची 2016ची लाल वाइन घेऊन आली. दुकानदाराने तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे घराणं 1549पासून वाइन करतंय. दोन, या एका बाटलीत तेरा जातींची द्राक्षं आहेत. त्यावर तुमच्या काकांचं मत पडलं की तेरा जाती म्हणजे तळाशी उरलंसुरलं सगळं एकत्र ओतलेलं, आणि घराण्याबिराण्याची गोष्ट ही किंमत वाढवायला. बाबांची पंच्याहत्तरी तीन वर्षांनी आहे. तोवर बाटली पुण्यात कपाटात ठेवली तर चालेल का, आणि परंपरेचे म्हणून एवढे पैसे का मोजायचे, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिककडचा. घरी आजोबांपासून द्राक्षबाग, आणि स्वतः वायनरीत एकवीस हंगाम काढलेत. मधे एक सप्टेंबर फ्रान्सच्या दक्षिण रोनमध्ये, म्हणजे तुमची बाटली जिथून आली त्याच टापूत, एका लहानशा बागेत तोडणीला होतो. तेव्हा लिहितोय ते निम्मं हाताने केलेलं आणि निम्मं त्यांच्याकडे पाहून शिकलेलं आहे.

आधी 1549चं. दुकानदार अगदी खोटं बोलला नाही, पण दोन वेगळ्या गोष्टींची त्याने एक गोष्ट केली. 1549मध्ये पिएर द बोकास्तेल नावाच्या माणसाने कूदुले इथे एक धान्याचं कोठार आणि त्याला लागून 52 सोमे जमीन घेतली. सोमे हे तिकडचं जुनं माप. नाव आलं ते त्याच्यावरून. आज ही वाइन करणारं पेरँ घराणं मात्र त्याचं वंशज नाही. त्यांचा या जमिनीशी संबंध 1909मध्ये सुरू होतो. मधल्या काळात फिलॉक्सेराने, वेलीची मुळं खाणाऱ्या त्या बारीक किडीने, सगळा टापू उजाड केला होता. पडेल अवस्थेतली ती मालमत्ता पिएर त्रामिए यांनी 1909मध्ये घेतली, आणि त्यांच्याकडून ती त्यांच्या जावयाकडे, पिएर पेरँ यांच्याकडे आली. म्हणजे ज्याला आपण बापाकडून मुलाकडे आलेली परंपरा समजतो, ती इथे सासऱ्याकडून जावयाकडे आलेली आहे. पुढे पिएर यांचा मुलगा झाक, मग झाक यांचे मुलगे झाँ-पिएर आणि फ्रान्स्वा, आणि आता त्यांची मुलं. त्रामिएंपासून मोजलं तर पाच पिढ्या.

जावयांवरून आठवलं. तुमची बाटली ज्या गावाच्या नावाने विकली जाते, त्या शातोनफ-द्यु-पापच्या वाइनला नियमांत बसवणारे बॅरन ल र्‍वा हेही लग्नामुळेच इथे आले. पहिल्या महायुद्धातले वैमानिक, शिक्षणाने वकील, आणि शातो फोर्तिया ही सासरची मालमत्ता. 1920च्या दशकात गावाचं नाव लावून कुणीही कुठलीही वाइन विकत होतं. तेव्हा 1923पासून त्यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून नियम बसवले: कुठल्या जमिनीतली द्राक्षं चालतील, कुठल्या जाती चालतील, अल्कोहोल किमान साडेबारा टक्के हवं. जमिनीची अट तर मला फार आवडते. जिथे रानात लॅव्हेंडर आणि थाइम उगवतं, तीच जमीन वेलीला. म्हणजे माळरान. काळी कसदार जमीन असेल तर गहू लावा, वेल नको. बाटलीवर ‘शातोनफ-द्यु-पाप’ हे गावाचं नाव कुणी लावायचं ते 1936मध्ये कायद्याने बांधलं गेलं, ते याच पायावर. फ्रान्समध्ये अशी कायदेशीर ओळख मिळालेल्या अगदी पहिल्या नावांपैकी हे एक. (याच गावाच्या नगरपालिकेने 1954मध्ये उडत्या तबकड्यांना गावच्या हद्दीत उतरायला बंदी घातली होती. खरंच. ग्रामपंचायतीच्या ठरावाला दूरदृष्टी असावी तर अशी.)

आता काकांचा आक्षेप, तेरा जातींची भेसळ. हा प्रश्न चांगला आहे, कारण आपल्याकडे दुकानात बाटलीवर शिराझ, कॅबर्ने अशी एकच जात छापलेली असते आणि त्यामुळे एक जात म्हणजे शुद्ध असं डोक्यात बसलंय. शातोनफच्या नियमांत तेरा जाती मान्य आहेत. रंगाप्रमाणे वेगळ्या मोजल्या तर अठरा होतात, पण बोलताना सगळे तेराच म्हणतात. मान्य आहेत म्हणजे सक्तीच्या नाहीत. बहुतेक बागाईतदार ग्रनाश या एका जातीवर भर देतात आणि बाकी दोन-तीन जाती तोंडी लावण्यापुरत्या घेतात. बोकास्तेल तेराही लावतं. तेच सांगतात त्या प्रमाणाने लाल वाइनमध्ये ग्रनाश साधारण 30 टक्के, मूर्व्हेद्र 30, सिरा 10, कूनवाझ 10, सँसो 5, आणि उरलेल्या 15 टक्क्यांत वाकारेझ, तेरे न्वार, म्युस्कारदँ वगैरे बाकीच्या. त्यात थोड्या पांढऱ्या जातीसुद्धा आल्या. सिरा म्हणजे आपली शिराझच. नाशिकला फेब्रुवारीत जी तोडतो तीच.

हे उरलंसुरलं का नाही, ते सांगतो. ग्रनाशला साखर भरपूर भरते, चव गोल आणि गोड लागते, पण दोन खोडी. फुलोऱ्यात हवामान बिघडलं की मणी धरत नाहीत, गळ होते. आणि वाइन झाल्यावर हवा तिला सोसत नाही. कापलेल्या सफरचंदासारखी लवकर तपकिरी पडते, दमते. मूर्व्हेद्र नेमकी उलटी. जाड सालीची, उशिरा पिकणारी, रंगाला गडद, चवीला तुरट, आणि हवा कमी पडली की कोंदट वास धरते. एक हवेला भिते, दुसरी हवा मागते. दोघी एका पिंपात आल्या की एकमेकींना सांभाळतात, आणि वाइन टिकते ती त्यामुळे. बाकीच्या लहान जातींचं काय, असं काका विचारतील. त्यांना म्हणावं, गोड्या मसाल्यात दगडफूल किती असतं? खाताना ते दाखवता येत नाही, आणि नसलं तर आमटी लगेच कळते. कूनवाझ तसं आहे. रंग फिका, पण आंबटपणा आणि मिरीसारखी झणक आणतं.

आणि ते सगळं एकाच दिवशी तोडून एकाच हौदात ओतलेलं नसतं. प्रत्येक जात वेगळी पिकते, वेगळी तोडली जाते आणि वेगळी आंबवली जाते. तिथे तोडणी हातानेच करायची असा नियमच आहे, यंत्र चालत नाही. हवेला भिणारी ग्रनाश सिमेंटच्या बंद टाक्यांत, हवा मागणारी मूर्व्हेद्र आणि सिरा लाकडात. मिश्रण नंतर, चाखून. मग मोठमोठ्या लाकडी पिंपांत साधारण वर्षभर मुरवण. पिंपं मोठी अशासाठी की लाकडाचा वास वाइनवर चढू नये.

मी ज्या बागेत होतो ती वेगळी, लहान. पण तिथल्या मालकाने एका संध्याकाळी पिंपातून नुसती मूर्व्हेद्र काढून पेल्यात दिली होती. नाक लावलं तर ओलं कातडं, घोड्याचं खोगीर, रक्त लागलेलं लोखंड. घोट घेतला तर गालांची आतली कातडी दाताला चिकटली. खरं सांगायचं तर मला वाटलं, हिचं काहीतरी बिघडलंय. मग त्याने तीच वाइन अर्ध्या ग्रनाशमध्ये ओतून दिली. खोगीर गेलं नाही, पण आता ते कुणाच्या तरी अंगणात टांगलेलं होतं. तुमची बाटली उघडाल तेव्हा हा कातड्याचा, रानटी वास येईल. त्याला बिघाड समजून मोरीत ओतू नका.

आता खरा प्रश्न. घराण्याने नेमकं काय दिलं? माझं मत असं की परंपरा म्हणजे आजीच्या वहीतली गुप्त कृती नव्हे. कृती आज कुणालाही मिळते. घराणं देतं ते वेळेचं गणित. जो निर्णय घेणाऱ्याला त्याचं फळ स्वतःच्या हयातीत दिसणार नाही, तो निर्णय घेण्याची सोय.

मूर्व्हेद्रचंच बघा. फिलॉक्सेराच्या आधी दक्षिण फ्रान्सात ती पुष्कळ होती. किडीवर उपाय निघाला तो म्हणजे अमेरिकन खुंटावर फ्रेंच जातीचं कलम. आपणही नाशिक-सांगलीकडे डॉगरिजवर कलम बांधतो, पण आपण बांधतो पाणी कमी आणि क्षार जास्त म्हणून. त्यांनी बांधलं जीव वाचवायला. त्यातही सगळ्या जाती सगळ्या खुंटांवर बसत नाहीत हे आपल्याकडच्या कुठल्याही कलम बांधणाऱ्याला विचारा. मूर्व्हेद्र बराच काळ नीट बसेना, म्हणून लोकांनी सोडून दिली आणि भरघोस पिकणाऱ्या जाती लावल्या. योग्य खुंट सापडून ती परत यायला दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ उजाडला. शातोनफ तर तिच्या दृष्टीने उत्तरेची हद्द, सगळ्या वर्षी पिकेलच असं नाही. तिथले लोक म्हणतात की हिला पाय पाण्यात आणि डोकं उन्हात हवं. अशी लहरी जात बागेच्या एका तृतीयांशावर नेणं हे झाक पेरँ यांचं काम. नवी लावलेली मूर्व्हेद्र चांगल्या वाइनच्या लायकीची व्हायला पंधरा-वीस वर्षं घेते. पगारी व्यवस्थापक असा प्रस्ताव घेऊन संचालक मंडळापुढे गेला असता तर चहा न देता परत पाठवला असता.

दुसरा निर्णय 1950चा. झाक यांनी बागेत रासायनिक खतं-औषधं बंद केली, आणि 1974मध्ये बायोडायनॅमिक पद्धतीकडे, म्हणजे सेंद्रियच्याही एक पाऊल पुढच्या शेतीकडे, वळले. 1950मध्ये सगळं जग युरियाच्या प्रेमात पडत होतं, हे लक्षात घ्या. सेंद्रिय हा शब्द तेव्हा बाटलीवर छापून चार पैसे जास्त मिळत नव्हते. त्या पद्धतीत गाईच्या शिंगात शेण भरून पुरतात, त्याबद्दल माझं मन अजून साशंक आहे, पण त्या निमित्ताने माणूस बागेत रोज फिरतो आणि त्याचा फायदा होतो हे मी पाहिलंय. सेंद्रियची किंमतही मोजावी लागते. 2018मध्ये त्या टापूत पाऊस लागून राहिला आणि केवडा आला, आपण डाऊनी म्हणतो तोच. ज्यांच्याकडे फवारायला तांब्याखेरीज काही नव्हतं त्यांचा माल जास्त गेला. आणि तांबं म्हणजे काय, तर बोर्डो. मोरचूद आणि चुना. आपला प्रत्येक बागाईतदार रोज तोंडात असलेला हा शब्द कुठून आला याचा विचार करत नाही. फ्रान्सातल्या बोर्दोकडचे शेतकरी रस्त्यालगतच्या वेलींवर निळं-पांढरं शिंपायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. तिथल्या मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर केवडा नाही. 1885मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. वाइन आपल्या गावांत पोचली त्याच्या कितीतरी आधी बोर्डो पोचलं होतं.

तिसरी गोष्ट तंत्राची. ही थोडी मजेशीर आहे, कारण परंपरा म्हटलं की आपल्याला जुनं ते तसंच ठेवलेलं वाटतं. पेरँ घराण्यात जुन्या पिढीने बसवलेली एक पद्धत आहे: देठ काढलेली द्राक्षं गरम नळीतून इतक्या झपाट्याने न्यायची की साल 80 अंशांपर्यंत तापते, आतला रस थंडच राहतो. मग लगेच खाली 20 अंशांवर आणायची. पालक उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्यात टाकला की हिरवागार राहतो ना, तेच. हवेबरोबर रंग बिघडवणारी विकरं सालीतच मरतात, रंग सुटतो, आणि वाइन टिकवायला घालतात त्या गंधकाचं प्रमाण कमी ठेवता येतं. शातोनफमध्ये बाकी कुणी सहसा हे करत नाही. पिएर पेरँ विज्ञानाचे माणूस होते, तेव्हा या घराण्याची परंपरा म्हणायचीच तर ती शेजाऱ्यांहून वेगळं वागण्याची.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बाजू, जी वाइनच्या दुकानात कुणी सांगत नाही. वाटण्या.

आमच्या आजोबांची आठ एकर बाग होती. तीन मुलगे. आजोबा गेल्यावर सहा महिन्यांत मोजणी झाली, दगड रोवले, आणि बागेच्या मधोमध बांध आला. सगळ्यात जुना तुकडा, ज्याची खोडं माझ्या मांडीएवढी होती, तो धाकट्या चुलत्यांच्या वाट्याला गेला. त्यांना कर्ज होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी ती बाग तोडून टोमॅटो लावला. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण त्या खोडांना पुन्हा तेवढं व्हायला जी वर्षं लागली असती, ती आता कुणाकडेच नाहीत.

फ्रान्समध्ये हे नसेल असं समजू नका. नेपोलियनच्या 1804च्या कायद्यापासून तिथे सगळ्या मुलांना सारखा हक्क आहे. बाप मृत्युपत्राने एकालाच सगळं देऊ शकत नाही: दोन मुलं असतील तर मालमत्तेचा फक्त एक तृतीयांश भाग, तीन किंवा जास्त असतील तर फक्त चतुर्थांश त्याच्या मर्जीवर. बाकीचं मुलांचं. बुर्गुन्यात क्लो द वूजो ही एकाच भिंतीच्या आतली बाग, जेमतेम 50 हेक्टर, आणि मालक 80च्या आसपास. काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्या ओळी येतात. तेव्हा ‘पाच पिढ्यांची बाग’ असं वाचलं की मी पिढ्या मोजत नाही. चार वेळा वाटणीचा दिवस आला असणार, आणि चारही वेळा बांध पडला नाही, हे मोजतो.

पेरँ मंडळींनी ते कसं जमवलं याचं माझं वाचन असं: जमीन वाटण्याऐवजी काम वाढवलं. 1970मध्ये झाँ-पिएर यांनी ‘ला व्हिएय फेर्म’ नावाची स्वस्त, रोज जेवताना प्यायची वाइन सुरू केली. लेबलावर कोंबडा-कोंबडी असलेली. ती आज जगभर सुपरमार्केटमध्ये मिळते. 1989मध्ये रॉबर्ट हास या अमेरिकन आयातदाराबरोबर कॅलिफोर्नियात पासो रोब्लेसला जमीन घेतली आणि बोकास्तेलच्या काड्या तिकडे नेल्या. सरकारी विलगीकरणातून त्या काड्या बाहेर यायला तीन वर्षं लागली, मग लागवड. त्या बागेचं नाव टाब्लास क्रीक. पुढे मिराव्हालची गुलाबी वाइन, ब्रॅड पिट आणि अँजेलिना जोली यांच्याबरोबर, ती 2012च्या हंगामापासून. आता पाचव्या पिढीतली सख्खी-चुलत भावंडं वेगवेगळी कामं बघतात. घराण्याच्या गोष्टीत लोक 1549चं कोठार सांगतात आणि ती कोंबडीवाली बाटली गाळतात. माझ्या मते बोकास्तेलची मूर्व्हेद्र म्हातारी होऊ शकली त्यात त्या कोंबडीचा वाटा मोठा आहे.

म्हणून काकांचं म्हणणं अर्धं बरोबर. घराणं हा शब्द विकायला वापरला जातोच. लेबलावर ‘पेर ए फीस’, म्हणजे ‘बाप-लेक’, लिहिलेलं दिसलं म्हणून मी एक पैसा जास्त देत नाही, कारण द्राक्षं बाहेरून विकत घेणारे व्यापारीही ते लिहितात. मी शोधतो ती ओळ दुसरी: ‘मी आँ बुतेय ओ शातो’, म्हणजे बाटली त्याच मालमत्तेवर भरली. मग वेलींचं वय, जातींचं प्रमाण, आणि चांगलं नसलेल्या वर्षी ते काय करतात. झाक पेरँ 1978मध्ये गेले. त्यांच्या नावाने 1989पासून एक खास वाइन काढतात, बहुतेक वर्षी जुन्या मूर्व्हेद्रचा वाटा मोठा असलेली, पण दरवर्षी नाही. माल तेवढा चांगला नसेल त्या वर्षी निघतच नाही. परंपरा तपासायची असेल तर न निघालेली वर्षं बघावीत. आणि तुमचं बजेट बोकास्तेलचं नसेल तर त्याच घराची ‘कूदुले द बोकास्तेल’ घ्या. ती बाग महामार्गाच्या पलीकडे, शातोनफच्या हद्दीबाहेर पडते, म्हणून नाव साधं कोत द्यु रोन आणि किंमत बरीच कमी.

जमिनीबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाग कूर्तेझाँ गावाजवळ, शातोनफच्या उत्तर टोकाला. तिथे माती दिसत नाही. सगळे गोटे. नदीने घासून गुळगुळीत केलेले, नारळाएवढे, काही कलिंगडाएवढे. चालताना घोटा मुरगळतो. दिवसभर तोडणी करून रात्री नऊला मी असाच एका ओळीत बसलो होतो, मिस्त्रालचा गार वारा सुटलेला, स्वेटर घातलेला, आणि बुडाखालचा दगड उतरवून ठेवलेल्या तव्यासारखा कोमट. वेली आपल्यासारख्या मांडवावर नाहीत, तारा नाहीत. ग्रनाशची खोडं गुडघ्याएवढी, पेल्यासारखी उघडी, एकेकटी उभी. वय विचारलं तर साठ, ऐंशी. आपण एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी करून वेलीला वर्षात दोनदा उठवतो, तिला हिवाळ्याची झोप नाही. म्हणून आपली बहुतेक बाग पंधरा-वीस वर्षांत थकते. हे कुणाचं चुकलं म्हणून नाही, हवामान वेगळं म्हणून. पण ‘नाशिकला तशी वाइन का होत नाही’ असं कुणी विचारलं की मी आधी हे सांगतो.

आता तुमची बाटली. इथे बरंच काही अवलंबून आहे, म्हणून ठाम हो किंवा नाही देत नाही.

2016 हे दक्षिण रोनमधलं फार चांगलं वर्ष. तशी बाटली थंड तळघरात असेल तर अजून दहा-पंधरा वर्षं सहज जाईल. पण अट तळघराची आहे. त्यांचं तळघर बारा ते चौदा अंशांवर बारा महिने स्थिर असतं. पुण्यातलं कपाट मेमध्ये छत्तीसवर जातं आणि डिसेंबरात वीसवर येतं. हे वर-खाली होणं उष्णतेइतकंच वाईट: वाइन फुगते-आकसते, बुचाच्या बाजूने हवा आत ओढते. मी स्वतः एकदा हौसेने आणलेली बाटली फ्रिजवर ठेवून विसरलो. दोन उन्हाळ्यांनी उघडली तर मनुक्यांच्या काढ्यासारखी लागली. फ्रिजवरची जागा ही घरातली सगळ्यात वाईट जागा, मागून सतत गरम हवा येते.

तर आधी बाटली हातात घेऊन बघा. बूच कडेच्या वर आलंय का? वरच्या टोपणाखाली चिकट डाग आहे का? वाइनची पातळी मानेतून खाली खांद्यापर्यंत उतरलीय का? यातलं काही असेल तर प्रवासात तिला ऊन लागलंय. पंच्याहत्तरीची वाट न बघता पुढच्या महिन्यात उघडा. सगळं ठीक असेल तर दोनच रस्ते. वाइनचा छोटा फ्रिज घेणारच असाल, किंवा ओळखीत कुणाकडे असेल, तर तेरा-चौदा अंशांवर आडवी ठेवा आणि खुशाल तीन वर्षं थांबा. तसं नसेल तर घरच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात काही महिने चालेल, तिथे थंडी जास्त आणि हवा कोरडी, पण कपाटापेक्षा शंभरपट बरं. त्यापुढे ताणू नका. बाबांचा पुढचा वाढदिवस बघा. पंच्याहत्तरावा नसला म्हणून काही बिघडत नाही.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा, गाळ तळाला बसू द्या. रूम टेंपरेचरला प्यायची हे ऐकलं असेल, पण ती रूम जुन्या फ्रेंच दगडी घरातली. आपल्याकडे फ्रिजमधून काढून वीस-पंचवीस मिनिटं, किंवा बाहेर असेल तर आधी चाळीस मिनिटं फ्रिजमध्ये. सोळा-सतरा अंश पुरे. काचेच्या जगमध्ये हळू ओता, तळाचे दोन बोटं गढूळ उरले की थांबा, आणि तासभर उघडी ठेवा. ती खोगिराची गंमत आठवते ना, तिला हवा लागते.

जेवणाला कोल्हापुरी तांबडा नको. साडेचौदा टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल आणि लाल मिरची एकत्र आली की दोन्ही पेटतात, वाइन कळतच नाही. काळी मिरी, लसूण, खोबरं घालून मंद शिजवलेलं मटण, तिखट अगदी बेतानं. शाकाहारी असाल तर वांग्याचं भरीत किंवा मशरूम, पण मिरची तिथेही हात राखून.

आणि सगळी एका बैठकीत संपवू नका. दोन पेले मागे ठेवून बूच उलटं लावा, फ्रिजमध्ये ठेवा. मूर्व्हेद्रच्या वाइनी दुसऱ्या दिवशी कधीकधी आदल्या रात्रीपेक्षा चांगल्या लागतात. पाहुणे गेल्यावर, दुसऱ्या संध्याकाळी, त्या बाबांना एकट्यांना द्या, आणि काका तोवर मुक्कामाला असतील तर एक त्यांना.